मापाड्यानं अळणी धरलं

तुम्ही मापात मारलंय. तोंडावर सांगतो, मागं कुजबुजत नाही. एकेचाळीस वर्षं हा माणूस तुमच्या भरवशावर चालला, वेळेवर उठला, वेळेवर झोपला, कुणाच्या कापसाला बोट लावलं नाही, आणि तुम्ही त्याच्या अंगात गुपचूप सहा शेर पाणी भरून मोकळे झालात. वर पावती नाही, खुलासा नाही.

मच्छिंद्र मापाडी हे मनातल्या मनात कुणाला तरी सुनावत होता. कुणाला, ते त्याचं त्यालाही नक्की ठरवता येत नव्हतं. देव म्हणावा तर देवाशी त्याचं फारसं बोलणं नव्हतं. सरकार म्हणावं तर हैदराबादपर्यंत आवाज जायचा नाही, आणि गेला तरी अर्ज उर्दूत पाहिजे. कापसाच्या जिनाचा मॅनेजर म्हणावा तर तो बिचारा स्वतःच मुळव्याधीनं वाकडा बसायचा. पण कुणीतरी जबाबदार असणारच. माल कमी भरला तर मापाड्याची मान धरतात, मग माणूस जास्त भरला तर कुणाची तरी धरायला नको? जालन्याच्या त्या जिनिंग कारखान्यात कापसाचे बोद जोखायचा जो मोठा काटा होता, त्याच्या फळीवर मच्छिंद्र सकाळच्या पारी, गाड्या यायच्या आत, सहज म्हणून चढला होता. गेल्या पंधरवड्यात एक मण अठ्ठावीस शेर होता. आज एक मण चौतीस. त्यानं आधी काट्यावर संशय घेतला. अठरा वर्षं ज्या काट्याची त्यानं आईबापासारखी कदर केली, त्याला त्यानं वजनं लावून, पुसून, पुन्हा लावून तपासलं. काटा बराबर होता. काटा बराबर असला की माल खोटा, हा धंद्याचा नियम. आणि इथं माल तो स्वतः होता.

खाली उतरला तेव्हा कचरू हमाल बघतच उभा होता. म्हणाला, मापाडीभाऊ, तब्येत झाली बरं का, गाल कसे वर आले, घरी दुभतं जनावर आणलं का काय. आठ दिवस झाले, सगळे हेच म्हणत होते. न्हावी म्हणाला, चेहऱ्यावर तेज आलं. मॅनेजर म्हणाला, पगार वाढवून मागू नका, अंगावर दिसून राह्यलाय. लढाईचे दिवस, ज्वारी रांगेत उभं राहून मिळायची, गावात सगळ्यांची हाडं वर आलेली, आणि त्यात एकट्या मच्छिंद्राचे डोळे सकाळी उघडायचेच नाहीत इतका चेहरा भरलेला. त्यालाही थोडं बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला. त्याचा बाप मेंढरांमागं हिंडून हिंडून बाभळीच्या शेंगेसारखा वाळून गेला; त्या घराण्यात भरलेला माणूस पहिलाच. आरशात बघताना त्याला वाटायचं, सावकाराच्या घरचा दिसतो. पण लघवीला फेस यायचा. मागच्या महिन्यात घसा धरला होता तेव्हा दुसऱ्याच दिवशी ती काकवीसारखी काळसर लाल झाली होती, आणि तसं चार वर्षांत तिसऱ्यांदा झालं होतं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस आपल्या चेहऱ्याची चर्चा चारचौघांत करतो, लघवीची करत नाही, आणि रोगाला हे पक्कं ठाऊक असतं.

स्टेशनाकडच्या बाजूला बद्रीनाथ डॉक्टरांचा दवाखाना होता. हैदराबादला शिकून आलेला माणूस, मराठी बोलता बोलता उर्दूत घुसायचा आणि परत यायचा. त्यानं मच्छिंद्राची लघवी काचेच्या नळीत घेतली, स्पिरिटच्या दिव्यावर धरली, वर आंबट सिरक्याचे दोन थेंब टाकले. बघता बघता ती नासलेल्या दुधासारखी पांढरी फुटली. मच्छिंद्राला आधी लाज वाटली, मग राग आला. इतकी वर्षं अंगातून दूध वाहून चाललं होतं आणि त्याला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाला की अंगातलं सत्त्व चाळणीतून गळून राह्यलंय, गुर्दे खराब होत चाललेत. मूत्रपिंडांना तो गुर्दे म्हणायचा. पण मच्छिंद्र असा तसा हटणारा नव्हता. खराब झाले ते कळलं. कुणी केले ते सांगा.

डॉक्टरनं चष्मा काढून पुसला. म्हणाला, विलायतेतले काही लोक असं म्हणतात की हे बाहेरचं काम नाही. घसा आला की अंगातली फौज निघते. दुश्मन गळ्यात असतो, तो चार दिवसांत मरतोही, पण ही फौज माघारी जात नाही. गुर्द्यात जाऊन बसते आणि तिथंच मोडतोड करत राहते. दरवेळी घसा आला की नवी फौज. बाकीचे डॉक्टर म्हणतात, हे सगळं झूट. औषध मात्र दोघांकडंही न्हाई.

डॉक्टरला वाटलं, अडाणी माणूस, याला काय कळणार. पण मच्छिंद्राला जे कळलं ते त्या विलायतेतल्या लोकांनाही कळलं नसेल. तो नऊ वर्षांचा असताना मामाच्या गावावर दरोडा पडला होता. दरोडेखोर आले, दोन घरं फोडली आणि गेले. सगळा मिळून तासाभराचा कारभार. त्यांच्या बंदोबस्तासाठी शिपाई आले ते तीन महिने राहिले. पहिल्या आठवड्यात गावातल्या कोंबड्या संपल्या, दुसऱ्यात बोकड, मग घरांची दारं जळणाला, मग शाळेचं छप्पर. मामा म्हणायचा की दरोडेखोर परत आले तर बरं, निदान ते जातात तरी. हे सगळं मच्छिंद्राला डॉक्टरसमोरच्या लाकडी बाकावर बसल्या बसल्या असं लख्ख दिसलं की त्याच्या पाठीत दोन्ही बाजूंना बूट वाजल्यासारखं झालं. तर हे असं. आपलेच, खाल्ल्या घरचे. तो म्हणाला, डॉक्टरसाब, मंग ह्या शिपायांना परत बोलवायचा हुकूम कोण काढतो? डॉक्टर म्हणाला, तो मालूम असता तर मी जालन्यात बसलो असतो का?

हुकूम नव्हता, पण कायदे भरपूर निघाले. मीठ बंद, बिलकुल बंद. डाळ चिमूटभर. पाणी मापून. रोज वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. आठवड्याला एकदा ते उकळायचं काम घरीच करायचं. नळी आणि दिवा डॉक्टरनं दिला. घसा जपायचा, धुळीत जाताना तोंडाला फडकं. मच्छिंद्रानं विचारलं, एवढं केलं तर बरा होईन ना. डॉक्टरनं सांगितलं की ही वाट उताराचीच आहे, आपल्या हातात फक्त चाल हळू करणं. दोन वर्षं लागतील, वीसही लागतील. मच्छिंद्र भडकला. दोन आणि वीस यांच्यात अठरा शेरांचा फरक ठेवणाऱ्या मापाड्याला त्यानं लाथ घालून हाकललं असतं. पण डॉक्टरचा चेहरा खोटं माप देणाऱ्याचा नव्हता, माप नसलेल्याचा होता, आणि त्याच्यावर रागवायचं कसं हे मच्छिंद्राला कळेना.

आता घरी अळणी सुरू झालं. अळणी म्हणजे काय हे ज्यानं सहा महिने खाल्लं नाही त्यानं त्यावर बोलू नये. भाकरी मातीची लागते. वांगं ओल्या फडक्यासारखं लागतं. मिरची नुसती तिखट लागते, म्हणजे कुणीतरी विनाकारण थोबाडीत मारल्यासारखी. पहिल्या महिन्यात मच्छिंद्राची जीभ तोंडात एखाद्या बेवारशी कुत्र्यासारखी हिंडायची. लहानपणी बाप मेंढरांना चाटायला खडेमीठ दगडावर ठेवायचा आणि हा पोरगा कोकरांच्या रांगेत बसून चाटायचा. ते आठवलं की गालाच्या आतून पाणी सुटायचं. एके दुपारी जिनात, उन्हाच्या तावात, तो बोदाच्या आडोशाला उभा राहून स्वतःच्या मनगटावरचा घाम चाटताना त्याला आढळला. म्हणजे तो स्वतःच स्वतःला आढळला. दुसऱ्या कुणी बघितलं नाही. किती वेळ तो चाटत होता कुणास ठाऊक. अठरा वर्षांत एक बोंड घरी नेलं नव्हतं त्यानं, आणि आता आपल्याच कातडीवर डल्ला.

बायको आसराबाई हुशार. नवऱ्याचा आजार तिला कळला, पण तो बाहेर कळू द्यायचा नाही हे तिला त्याच्याही आधी कळलं. घरात इंद्रायणी लग्नाची. वर्षापूर्वी एक स्थळ नुसत्या एवढ्यावरून मोडलं होतं की पोरीची आत्या खोकते. आत्या तंबाखूनं खोकायची, पण सोयरे म्हणाले की हाडात रोग असंल. मग बाप असा, लघवी उकळणारा, म्हटल्यावर काय झालं असतं? शेजारच्या साळूबाईनं एक दिवस कालवण चाखून विचारलं की यात मीठ कसं न्हाई, तेव्हा आसराबाईनं डोळ्याचं पातं न लववता सांगितलं, ह्यांनी अळणी धरलंय. राजूरच्या गणपतीचं.

मच्छिंद्रानं हे ऐकलं तेव्हा ताट सरकवून उठला. जन्मभर ज्यानं नवसाला नावं ठेवली, बायका सोमवार धरतात, पुरुष दाढी वाढवतात, आणि देव दोघांकडंही बघत नाही असं जो चावडीवर बसून बोलला, त्याला बायकोनं एका वाक्यात भक्त करून टाकला होता. तो खूप बोलला. आसराबाई भांडी घासत ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "मंग जा. साळूबाईला तुमची नळी दाखवून या."

तो गेला नाही. आणि आठ दिवसांत जालन्यात त्याची किंमत वाढली. कचरू हमालानं बोद उचलण्याआधी त्याच्या पायाला हात लावला. साळूबाईनं ओसरीवर त्याला दिव्यावर नळी धरून बसलेला पाहिला, सिरक्याचा वास घेतला आणि दोन गल्ल्यांत सांगून आली की मापाडीभाऊ काचेचा होम करतात, आत तीर्थ पांढरं होतं. मॅनेजरनं मुळव्याधीसाठी अंगारा मागितला. मच्छिंद्रानं चुलीतली राख दिली, आणि मॅनेजरला तीन दिवस आराम पडला. त्यानंतर तर काही सोयच राहिली नाही. चेहऱ्यावरच्या सुजेला लोक तेज म्हणतच होते, आता त्या तेजाला कारण मिळालं. अळणी खाऊन माणूस वाळतो, हा भरतोय; म्हणजे देवाची कृपा उघडच. मच्छिंद्र मनातून संतापायचा. पण जिनाच्या फाटकातून आत जाताना माणसं बाजूला होतात, विड्या विझवतात, हे त्याच्या लक्षात यायचं आणि त्याची चाल आपोआप थोडी संथ व्हायची. पाय सुजल्यानं ती संथ होतीच. पण तेवढीच नव्हे. खरं वजन सांगणं एवढाच ज्याचा धर्म, तो रोज सकाळी काट्यावर चढून खरा आकडा घ्यायचा, घरी इंद्रायणी तो कोळशानं भिंतीवर लिहायची, आणि दिवसभर तो खोट्या आकड्यावर मिरवायचा. कधी कधी त्याला वाटायचं की अंगातली फौज बघतेय हे सगळं, आणि हसतेय.

केदारखेड्याच्या रामरावांना कळलं ते असंच. जमीन चांगली, पोरगा शिकलेला, घर सरळ. त्यांनी आपण होऊन विचारणा केली की एवढं कडक अळणी धरणाऱ्याची पोर आमच्या घरात आली तर आमचं घर पवित्र होईल. आसराबाई दोन दिवस जमिनीवर पाय टेकवत नव्हती. सुपारी फुटली, तारीख धरली. आणि मग रामरावांच्या डोक्यात ती गोष्ट आली जी कुठल्याही शहाण्या माणसाच्या डोक्यात आलीच असती, फक्त मच्छिंद्राच्या घरात कुणाच्या आली नव्हती. मापाड्यानं अळणी धरलं कशासाठी असंल? पोरीचं जमावं म्हणूनच. पोरीचं जमलं. म्हणजे नवस फिटला. फिटलेला नवस सोडला नाही तर देव उलटतो, आणि उलटला तर तो नव्या जोडप्यावर. तेव्हा येत्या पंचमीला राजूरला दर्शन, मग धर्मशाळेत जेवण, आणि मच्छिंद्रभाऊंचं अळणी व्याह्याच्या हातानं सुटणार. रामरावांनी कणकेच्या बट्ट्या थापायला गावाकडनं चार बायका सांगितल्या होत्या.

मच्छिंद्र डॉक्टरकडं गेला. एक दिवस खाल्लं तर? डॉक्टरनं त्याच्याकडं बघितलं, आणि मागच्या हिवाळ्याची आठवण दिली. अळणी नुकतं सुरू झालं होतं तेव्हा, भाच्याच्या हळदीत दोन पापड आणि वाटीभर खारं वरण खाऊन मच्छिंद्र चार दिवस आडवा होऊ शकला नव्हता; भिंतीला टेकून बसायचा, छातीत घागर भरत असल्यासारखा आवाज यायचा. तेव्हा गुर्दे आजच्यापेक्षा बरे होते, एवढंच डॉक्टर म्हणाला. मच्छिंद्रानं विचारलं, मंग मी काय करू. डॉक्टर म्हणाला की हे सवाल माझ्या किताबात न्हाईत.

तर पंचमीला राजूर. दर्शन झालं. गणपतीसमोर उभा राहून मच्छिंद्राला काय मागावं सुचेना. खोट्या नवसाचा खरा देव समोर बसलेला, आणि दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. धर्मशाळेत पंगत बसली, पन्नास-साठ माणूस. पत्रावळीवर आधी मीठ, मग लोणचं, खारी मिरची, पापड, कुरडई, मग वांग्याची भाजी, तुपात निथळणाऱ्या बट्ट्या आणि वर वरण. वास आला आणि मच्छिंद्राचे डोळे भरून आले. त्याला कुणी भक्तीचे अश्रू म्हणालं. रीत अशी की अळणी धरणाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावायचा नाही. साठ माणसं हात मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत होती. समोर रामराव वरणात बट्टी कुस्करत होते, मन लावून, बापानं लेकरासाठी कुस्करावी तशी.

खावा एक घास. एकच. एका घासानं किती चढंल, शेरभर. मग लग्नापर्यंत पाण्यावर राहू. लग्न झालं की मग काय व्हायचं ते होऊ दे, दोन काय आणि वीस काय. त्याच्या डोक्यात आकडे फिरत होते, पण खरं सांगायचं तर विचार जीभ करत होती. सहा महिन्यांची उपाशी जीभ बापाच्या तोंडानं त्यागाची भाषा बोलत होती. पोरीसाठी मरतो म्हणणारा हा माणूस आतून वरणाकडं बघत होता, आणि हे दोन्ही इतकं एकात एक मिसळलं होतं की त्याचा त्यालाच निवाडा होईना. रामरावांचा हात पुढं आला. मच्छिंद्रानं तोंड उघडलं.

पाणी वाढायला इंद्रायणी आली होती. सासरच्या माणसांत मान खाली घालून वावरणारी पोर, पण वाकताना त्याच्या कानाशी आली. "बाबा, तुमी हे खाल्लं तर मी ह्यांच्या घरात नांदायची न्हाई. तुमचं वजन भिंतीवर मी लिव्हते, तुमी न्हाई."

आणि पाणी ओतून पुढच्या पानाकडं गेली. अर्धा पेला. घरच्याच मापानं.

मच्छिंद्रानं तोंड मिटलं. रामरावांचा घास हवेत राहिला. पलीकडं बायकांत आसराबाईनं डोक्यावरचा पदर उगाच पुढं ओढला.

"रामराव," मच्छिंद्र म्हणाला, "मी अळणी धरलेलं न्हाई. मला गुर्द्याचा रोग हाय. मीठ खाल्लं की अंगात पाणी भरतं. हे तेज न्हाई, सूज हाय."

मग रामराव हसले. मोठ्या मनानं हसले. म्हणाले, किती नम्रपणा, एवढं केलं तरी नाव देवाचं घेत न्हाईत. मागून कुणीतरी जयजयकार सुरू करायला गेलं. मच्छिंद्राच्या टाळक्यात रक्त चढलं. घरातनं खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी ऐकलं, आणि आता खरं बोलतोय तर ऐकायला कुणी नाही. त्यानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं, पाय पत्रावळीशेजारी पसरला आणि रामरावांचा मोकळा डावा हात धरून अंगठा नडगीवर दाबला. जोरानं दाबला. मग सोडला. नडगीत खड्डा पडला होता, ओल्या मातीत बैलाचा खूर रुतावा तसा, आणि तो भरून येईना. शेजारचे दोघे-तिघे वाकून बघू लागले. रामराव आपल्या अंगठ्याकडं बघत होते, मग खड्ड्याकडं, मग पुन्हा अंगठ्याकडं, जणू तो त्यांनीच पाडला होता.

मच्छिंद्रानं मग सगळं सांगितलं. नळी, सिरका, काकवीसारखी लघवी, राख. मॅनेजरला आराम कसा पडला ते आपल्यालाही ठाऊक नाही हेही सांगितलं. मी दोन वर्षं जगंन, वीसही जगंन, डॉक्टरला माहीत न्हाई, देवाला माहीत असंल तर त्यानं मघाशी सांगितलं न्हाई. पोरीच्या हाडात हे असंल का, तेही कुणाला सांगता येत न्हाई. तिचा घसा आजवर चांगला हाय, लघवी मी स्वतः उकळून बघितली, साफ हाय. हे ऐकून बायकांत खळबळ झाली. तिकडं न बघता इंद्रायणी पाणी वाढत राहिली. रामरावांच्या बायकोनं, तुळजाबाईनं, पदराआडून नवऱ्याला काहीतरी खूण केली. होची की नाहीची, ते मच्छिंद्राला कळलं नाही, आणि रामरावांनाही कळल्यासारखं दिसलं नाही. त्यांनी हातातला घास सावकाश पत्रावळीवर ठेवला. म्हणाले, पाव्हणं, तुमी आधी आराम करा, तब्येतीला जपा, हे बोलणं आपण घरी बसून करू, सावकाश.

"सावकाश मला परवडत न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता, पण एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच छाती मोकळी वाटत होती. "मह्या तब्येतीचं मी बघून राह्यलो. तुमी पोरीचं सांगा. हो म्हणा, न्हाईतर न्हाई म्हणा, पण ह्या पंगतीत म्हणा. साठ माणूस उपाशी बसलंय, बट्ट्या गार होऊन राह्यल्यात. बोला, रामराव. काय ते?"